पास नेमका कुठे बिघडतो? कॉलेज फुटबॉलमधील क्वार्टरबॅकच्या अडचणीचे निदान कसे करावे

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा चेंडू सहकाऱ्यांकडे पुढे फेकणारा, म्हणजे पास देणारा, मुख्य खेळाडू; सहकाऱ्याने झेललेला पास पूर्ण मानला जातो. वायोमिंग विद्यापीठाचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन याने २०१७ च्या हंगामात ५६.३ टक्के पास पूर्ण केले. लुईझियाना स्टेट विद्यापीठाच्या, म्हणजेच एलएसयूच्या, जो बरोने २०१८ मध्ये ५७.८ टक्के आणि क्लेमसनच्या डी. जे. उइआंगालेलेने २०२१ मध्ये ५५.६ टक्के. केवळ हा रकाना पाहणाऱ्या माणसाने तिघांविषयी एकच मत बनवले असते: या मुलाच्या हातात अचूकता नाही. पुढे घडले ते असे. बरोने लगेचच्या हंगामात ७६.३ टक्के पास पूर्ण करून ५,६७१ यार्ड आणि ६० टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचवणे) मिळवले, आणि त्याचा संघ १५ पैकी १५ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. ॲलन २०१८ मध्ये सातव्या क्रमांकावर व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, निवडला गेला. पहिल्या वर्षी त्याचा आकडा आणखी घसरून ५२.८ वर आला आणि तिसऱ्या वर्षी, २०२० मध्ये, तो ६९.२ वर पोहोचला. उइआंगालेले २०२२ मध्ये सुधारला, पण त्याच वर्षी क्लेमसन ज्या विद्यापीठगटात खेळते त्या एसीसी परिषदेच्या अंतिम सामन्यात त्याची जागा दुसऱ्या खेळाडूला देण्यात आली, आणि ऑरेगॉन स्टेटकडून खेळताना २०२३ मध्ये तो पुन्हा ५७ टक्क्यांवर होता.

एकाच आकड्याच्या मागे तीन वेगळ्या अडचणी असू शकतात, आणि त्या वेगळ्या काढण्याची पद्धत सामान्य प्रेक्षकालाही शिकता येते. अमेरिकेत शिकायला आलेले अनेक मराठी विद्यार्थी शनिवारी दुपारी आपल्या विद्यापीठाच्या मैदानावर पहिल्यांदाच हा खेळ पाहतात, आणि दोन-तीन सामन्यांतच क्वार्टरबॅकवर मत देऊ लागतात. फलंदाज धावा करीत नसेल तर चूक बहुतेक त्याची, ही क्रिकेटमधली सवय इथे कामाची नाही. पास हा किमान सात-आठ जणांनी मिळून साधारण अडीच सेकंदांत पूर्ण करायचा व्यवहार आहे: चेंडू मागे देणारा सेंटर, अडवणूक करणारे इतर चार लाइनमन, पास झेलण्यासाठी धावणारा रिसीव्हर, कधी शेजारी उभा असलेला, एरवी चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक, आणि मधोमध क्वार्टरबॅक. म्हणून मूल्यमापनाची सुरुवात हाताच्या ताकदीपासून न करता या अडीच सेकंदांतली कोणती कडी तुटली, या प्रश्नापासून करावी.

पहिली पायरी: आकडे योग्य क्रमाने वाचणे

कॉलेज फुटबॉलचे स्वतःचे पासिंग मानांकन आहे आणि ते व्यावसायिक लीगच्या मानांकनापेक्षा वेगळे आहे. दोन्हींची तुलना कधीही करू नये. व्यावसायिक मानांकनाची कमाल मर्यादा १५८.३ आहे, कॉलेजच्या मानांकनात २०० च्या वरही जाता येते. कॉलेजचे सूत्र सोपे आहे. एकूण यार्डांना ८.४ ने गुणावे, टचडाउनना ३३० ने, पूर्ण झालेल्या पासांना १०० ने; या तिन्हींची बेरीज करून प्रत्येक इंटरसेप्शनमागे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या पासामागे, २०० वजा करावेत आणि उरलेल्या संख्येला एकूण पासांनी भागावे. उइआंगालेलेचा २०२१ चा हंगाम घ्या: ३७४ पास, २०८ पूर्ण, २,२४६ यार्ड, ९ टचडाउन, १० इंटरसेप्शन. उत्तर १०८.७ येते. बरोच्या २०१८ च्या हंगामाचे १३३.२ आणि २०१९ च्या हंगामाचे २०२.०. हे सूत्र १९७९ मध्ये स्वीकारले गेले तेव्हा त्याआधीच्या काळातील सरासरी खेळ १०० वर यावा अशी त्याची रचना होती; आज मध्यम दर्जाचा क्वार्टरबॅकही १३० च्या आसपास असतो, त्यामुळे १०८ हा आकडा पहिल्या नजरेला वाटतो त्यापेक्षा बराच खालचा आहे. आणि येथेच पहिला भेद दिसतो. पूर्ण पासांच्या टक्केवारीत बरो आणि उइआंगालेले यांच्यात दोन टक्क्यांचेच अंतर होते, पण मानांकनात पंचवीस गुणांचे. बरोचा २०१८ चा हंगाम नावे ठेवण्यासारखा नव्हता. तो अपूर्ण होता.

दुसरा आकडा प्रत्येक पासामागे मिळालेल्या यार्डांचा. ॲलनची गोष्ट याच आकड्यातून उलगडते. २०१६ मध्ये त्याने ५६.० टक्के पास पूर्ण केले होते, २०१७ मध्ये ५६.३, म्हणजे टक्केवारी तसूभरही हलली नाही. पण प्रत्येक पासामागचे यार्ड मात्र ८.६ वरून ६.७ वर घसरले. दोन हंगामांच्या मधे वायोमिंगचा मुख्य रनिंग बॅक ब्रायन हिल आणि मुख्य रिसीव्हर टॅनर जेंट्री दोघेही संघ सोडून गेले होते. हात तोच होता. चेंडू घेऊन पुढे धावणारे आणि लांबच्या पासाखाली पोहोचणारे पाय नव्हते. असे बदल टक्केवारीत लपतात आणि यार्डांत उघडे पडतात.

तिसरी गोष्ट नियमांतली आहे आणि नवख्या प्रेक्षकाची सर्वाधिक फसगत तीच करते. कॉलेज फुटबॉलमध्ये सॅक झाल्यावर, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला गेल्यावर, गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात. व्यावसायिक लीगमध्ये ते संघाच्या पासिंगमधून वजा होतात. ४ सप्टेंबर २०२१ रोजी शार्लट येथे क्लेमसन जॉर्जियाकडून १०-३ असा हरला, तेव्हा क्लेमसनच्या खात्यावर धावण्याचे अवघे २ यार्ड जमा होते. ते वाचून कोणालाही वाटावे की रनिंग बॅक निष्प्रभ ठरले. प्रत्यक्षात त्या सामन्यात क्वार्टरबॅक सात वेळा सॅक झाला होता आणि त्या सातही वेळचे नुकसान त्या आकड्यात बुडालेले होते. म्हणून कॉलेजच्या सामन्याची आकडेवारी हाती आली की सर्वप्रथम सॅक आणि त्यांचे यार्ड धावण्याच्या खात्यातून काढून पासिंगच्या खात्यात लिहावेत. तेवढे केले तरी अर्धे चित्र बदलते.

संख्येविषयी एक सावधगिरी येथेच सांगतो. ज्याची खरी क्षमता ६० टक्क्यांची आहे, तो क्वार्टरबॅक ३० पासांच्या सामन्यात केवळ योगायोगानेच १५ ते २१ पास पूर्ण करू शकतो. म्हणजे एका शनिवारी ५० टक्के आणि पुढच्या शनिवारी ७० टक्के, आणि तरीही त्याच्यात काहीही बदललेले नसेल. तीन सामन्यांच्या आधी टक्केवारीवरून काहीही ठरवू नये. पण चूक कशा प्रकारची आहे हे मात्र दोन सामन्यांतही दिसू शकते, आणि म्हणूनच पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे.

दुसरी पायरी: प्रत्येक पासाची नोंद

एक साधी वही घ्यावी आणि सामन्याचे चित्रमुद्रण पुन्हा पाहताना प्रत्येक पासासाठी एक ओळ लिहावी. ओळीत डाउन (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा) आणि उरलेले यार्ड, चेंडू हवेत किती यार्ड गेला, पॉकेट, म्हणजे लाइनमननी क्वार्टरबॅकभोवती राखलेली जागा, स्वच्छ होते की दबावाखाली, क्वार्टरबॅकच्या हातातून चेंडू किती सेकंदांत सुटला, रिसीव्हर मोकळा होता का, आणि चेंडू कुठे गेला, इतक्या गोष्टी असाव्यात. शेवटच्या रकान्यात 'चुकला' असा शब्द लिहून भागत नाही. उंच गेला, पायाशी पडला, रिसीव्हरच्या पाठीमागे गेला, पुढे निसटला, की कोणी नसलेल्या जागी पडला, हे स्वतंत्रपणे लिहावे. तीस पासांच्या सामन्याला सवय नसताना दोन-अडीच तास लागतात. पुढे तासाभरात काम होते.

ही वही भरताना कोणता पास क्वार्टरबॅकच्या हिशेबात धरायचा, हे ठरवावे लागते. समजा, एका सामन्यात ३४ पासांपैकी १८ पूर्ण झाले, म्हणजे ५२.९ टक्के. वहीत दिसते की तीन पास रिसीव्हरच्या दोन्ही हातांत पडून सुटले, चार पास सॅक टाळण्यासाठी मुद्दाम मैदानाबाहेर फेकले गेले, आणि एक डाव सुरू होण्याच्या रेषेवरच बचावपटूच्या उंचावलेल्या हाताला लागून पडला. सुटलेले तीन पूर्ण झालेल्यांत मिळवावेत आणि फेकून दिलेले चार व हाताला लागलेला एक एकूण संख्येतून वगळावेत. आता २९ पैकी २१, म्हणजे ७२.४ टक्के. हाच क्वार्टरबॅक, हाच सामना. या हिशेबाने प्रत्येक वाईट आकडा चांगला होतो असे मात्र नाही. जिथे हा हिशेब करूनही टक्केवारी साठच्या खालीच राहते, तिथे अडचण खरोखर क्वार्टरबॅकपाशी असण्याची शक्यता वाढते.

रिसीव्हरच्या हातून सुटलेला पास ओळखताना कठोर असावे. चेंडू दोन्ही हातांना लागला म्हणून तो रिसीव्हरचीच चूक ठरत नाही. पूर्ण वेगाने आडव्या धावणाऱ्या रिसीव्हरला चेंडू छातीसमोर मिळाला तर तो पुढे पळत राहतो. तोच चेंडू अर्धा यार्ड मागे आला तर त्याला अंग वळवून, वेग मोडून तो पकडावा लागतो. पकडला तरी यार्ड गेलेले असतात, आणि आकडेवारीत तो 'पूर्ण पास' म्हणून क्वार्टरबॅकच्या खात्यावर जमा होतो. म्हणूनच मी पूर्ण झालेल्या पासांचीही जागा लिहून ठेवतो. अचूकता घसरू लागल्याची पहिली खूण अपूर्ण पासांआधी अशा अडखळत पकडलेल्या पासांत दिसते.

स्क्रीन पास (अडवणाऱ्यांच्या आडून दिलेले छोटे पास) आणि डाव सुरू होण्याच्या रेषेच्या मागे दिलेले पास वेगळ्या पानावर लिहावेत. ते बहुधा पूर्ण होतातच आणि त्यांची गर्दी झाली की टक्केवारी फुगते. त्याचप्रमाणे धाव की पास हे ऐन वेळी ठरवण्याचे डावही वेगळे ठेवावेत. कॉलेजच्या नियमानुसार लाइनमन पास सुटेपर्यंत तीन यार्ड पुढे जाऊ शकतो, व्यावसायिक लीगमध्ये फक्त एक यार्ड. त्यामुळे कॉलेजमध्ये या डावांना भरपूर मोकळीक मिळते, आणि क्वार्टरबॅकला अनेकदा एकाच बचावपटूकडे पाहून निर्णय घ्यायचा असतो. असे पास सुबक दिसले म्हणून तो संपूर्ण मैदान वाचू शकतो, असे मानू नये. या दोन पानांनंतर जे पास उरतात, म्हणजे दहा यार्डांच्या पुढचे, पॉकेटमध्ये उभे राहून दोन-तीन रिसीव्हर क्रमाने पाहून फेकलेले, तेच खरे परीक्षेचे पास. एका सामन्यात असे आठ-दहाच निघतात.

तिसरी पायरी: वेळ आणि पॉकेट

घड्याळ वापरावे. चेंडू सेंटरच्या हातून सुटल्यापासून क्वार्टरबॅकच्या हातून सुटेपर्यंतचा काळ फोनवरही मोजता येतो. स्वच्छ पॉकेटमधले पास आणि दबावाखालचे पास यांची बेरीज नेहमी स्वतंत्र करावी, कारण दबावाखाली बहुतेक सर्वांचाच खेळ खालावतो. निदान स्वच्छ पॉकेटमधल्या पासांवर करायचे असते. स्वच्छ पॉकेट, मोकळा रिसीव्हर आणि तरीही चुकलेला चेंडू, हे तिन्ही एकत्र आले तरच तो पास निःसंशय क्वार्टरबॅकच्या नावावर लिहावा.

सॅक कोणाचा, हा प्रश्न जरा अवघड आहे आणि त्याचे उत्तर घड्याळच देते. दोन सेकंदांच्या आत बचावपटू येऊन भिडला तर दोष बहुधा लाइनचा (पाच लाइनमनच्या फळीचा) किंवा ब्लिट्झ, म्हणजे जादा बचावपटूंचा हल्ला, ओळखून अडवणूक बदलण्याच्या चुकीचा. ही दुरुस्ती काही संघांत सेंटर करतो आणि काही संघांत क्वार्टरबॅक. तीन सेकंदांनंतर झालेला सॅक पाहताना आधी रिसीव्हर मोकळे होते का ते बघावे. मोकळे होते आणि चेंडू सुटला नाही, तर तो सॅक क्वार्टरबॅकचा आहे, लाइनला कितीही शिव्या पडोत. अशा क्वार्टरबॅकपुढे उभी असलेली चांगली लाइनही वाईट दिसू लागते.

दबाव नसताना दबाव जाणवणे, हा यातला नाजूक भाग आहे. लागोपाठ मार खाल्लेला तरुण क्वार्टरबॅक पॉकेट शाबूत असतानाच नजर मैदानावरून काढून समोरच्या धडपडीकडे नेतो, पाय हलवू लागतो आणि उजवीकडे पळतो. वहीत याची खूण अशी दिसते: पहिल्या सत्रात दोन-तीन जोरदार फटके बसल्यानंतर स्वच्छ पॉकेटमधल्याही पासांची वेळ कमी होते आणि चेंडू उंच जाऊ लागतात. २०२१ च्या जॉर्जियाविरुद्धचा तो पहिला सामना घेतला तर समोरचा बचाव सामान्य नव्हता; तो संघ त्या वर्षी राष्ट्रीय विजेता झाला आणि त्यातले पाच बचावपटू २०२२ च्या निवडीत पहिल्या फेरीत गेले. अशा बचावापुढे पास चुकणे समजण्यासारखे आहे. क्लेमसनच्या बाबतीत चिंतेची गोष्ट अशी होती की त्यानंतरच्या हंगामभर, त्याहून पुष्कळ दुबळ्या बचावांसमोरही, आकडे फारसे वर आले नाहीत.

चौथी पायरी: पाय आधी, हात नंतर

दूरचित्रवाणीवर फेकणारा हात दिसतो म्हणून चर्चा हाताची होते. पण चेंडूची ताकद आणि दिशा जमिनीतून येते: मागचा पाय रेटा देतो, पुढचा पाय लक्ष्याच्या दिशेने पडतो, कंबर खांद्याआधी वळते आणि हात शेवटी येतो. हा क्रम मोडला की चेंडू ठरावीक पद्धतीने चुकतो, आणि ते ठरावीकपणच निदानाला उपयोगी पडते.

पुढचे पाऊल फार लांब पडले तर शरीराचा भार मागे राहतो आणि चेंडू उंच जातो. मागच्या पायावर झुकून, मागे सरकत फेकला तर तो हवेत तरंगतो, लांबच्या पासात आखूड पडतो आणि सेफ्टीला, म्हणजे सर्वांत मागे उभ्या बचावपटूला, त्याखाली पोहोचायला वेळ मिळतो. पुढचा खांदा लवकर उघडला तर हात मागे फरपटत येतो आणि चेंडू उंच किंवा बाजूला निसटतो. पाय जमिनीत रुतल्यासारखे स्थिर राहिले आणि दुसऱ्या-तिसऱ्या रिसीव्हरकडे पाहताना नुसती मान वळली, तर नजर एकीकडे आणि कंबर दुसरीकडे राहते; अशा क्वार्टरबॅकचे पहिल्या रिसीव्हरचे पास उत्तम असतात आणि तिसऱ्याचे भरकटतात. वहीत 'कितवा रिसीव्हर' हा रकाना ठेवला तर हे दोन सामन्यांत लक्षात येते. चुकलेले दहा पास दहा दिशांना गेले असतील तर मात्र शरीराच्या क्रमात दोष शोधत बसण्यात अर्थ नाही. तिथे वेळ, निर्णय किंवा दुखापत पाहावी.

ॲलनच्या सुधारणेत पायांच्या आणि कमरेच्या क्रमावर केलेल्या कामाचा मोठा वाटा होता. त्याच्या हातात ताकद कमी कधीच नव्हती. बफलोच्या व्यावसायिक संघात ब्रायन डेबॉलसारख्या, आक्रमणाचे डाव ठरवणाऱ्या एकाच संयोजकाबरोबर सलग वर्षे मिळाली आणि २०२० मध्ये स्टेफॉन डिग्ज हा रिसीव्हर आला, हेही त्याच चित्राचे भाग आहेत. म्हणजे शरीराची दुरुस्ती होते, पण तिला उन्हाळ्यांमागून उन्हाळे लागतात. हंगामाच्या मध्यावर फेकण्याची पद्धत बदलण्याचा सल्ला देणाऱ्यांना हे सांगावेसे वाटते की सामन्यात जुनीच सवय बाहेर येते, आणि अर्धवट बदललेली हालचाल जुन्या चुकीपेक्षा वाईट ठरू शकते.

पाचवी पायरी: नजर आणि निर्णय

इथे दूरचित्रवाणीची मर्यादा आडवी येते. प्रक्षेपणाचा कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे खोलवर उभे असलेले सेफ्टी अनेकदा चौकटीबाहेर राहतात आणि रिसीव्हर मोकळा होता की नाही हे कळत नाही. ज्या पासाचे वरच्या कोनातून पुन्हा दाखवलेले दृश्य उपलब्ध असेल, त्याचाच निर्णय तपासावा. बाकीच्या ओळींत तो रकाना कोरा सोडावा. कोरा रकाना चालतो, अंदाजाने भरलेला चालत नाही. मैदानावर जाऊन सामना पाहणाऱ्याला इथे मोठा फायदा आहे, विशेषतः गोलमागच्या वरच्या जागांवरून, कारण तिथून संपूर्ण बचावाची मांडणी क्वार्टरबॅकला दिसते तशीच दिसते.

काय पाहायचे? चेंडू सुटण्याआधी खोलवर एक सेफ्टी आहे की दोन, आणि सुटल्यानंतर ते तसेच राहिले की फिरले. आजचे बचाव दोन सेफ्टी दाखवून एकाच सेफ्टीच्या मांडणीत फिरतात, किंवा ब्लिट्झचा आव आणून मागे सरतात. क्वार्टरबॅकने आधीच ठरवलेला पास तसाच फेकला तर चेंडू नेमका फिरून आलेल्या बचावपटूच्या हातात पडतो, आणि प्रेक्षकाला वाटते की त्याला समोरचा माणूस दिसलाच नाही. फक्त तीन जणांनी धावून येणे आणि आठ जणांनी मागे थांबणे, हाही एक प्रकार आहे. पॉकेटमध्ये चार सेकंद मिळतात, पण फेकायला फट नसते. तिथे शांतपणे जवळचा छोटा पास देणारा क्वार्टरबॅक परिपक्व, आणि कंटाळून दोघांच्या मधे चेंडू घुसवणारा अजून घडायचा आहे.

उशीर ही निर्णयाची सर्वांत सामान्य चूक आहे आणि ती अचूकतेच्या चुकीसारखी दिसते. रिसीव्हर वळण्याच्या क्षणी चेंडू हातातून सुटला पाहिजे. वळलेला दिसल्यावर फेकला तर तो अर्धा सेकंद उशिरा पोहोचतो, तेवढ्यात कॉर्नर, म्हणजे रिसीव्हरवर नेमलेला बचावपटू, दोन-तीन यार्ड जवळ येतो. चेंडू नेमक्या जागी गेला तरी पास मोडला जातो. वहीत 'जागा बरोबर, तरी अपूर्ण' अशा ओळी वाढल्या तर हात निर्दोष आहे आणि डोळे संकोचत आहेत, असे समजावे. ही अडचण सरावाने आणि विश्वासाने सुटते. बरोबाबत जे घडले त्याचा मोठा भाग असाच असावा असे माझे मत आहे: २०१९ मध्ये न्यू ऑर्लीन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून आलेल्या प्रशिक्षक जो ब्रेडीने संयोजक स्टीव्ह एन्समिंगरबरोबर पासिंगची मांडणी बदलली, मैदान पसरवले, चेंडू लवकर सोडण्याची सोय केली, आणि जमार चेस व जस्टिन जेफर्सन यांच्यासारखे रिसीव्हर समोर होते. इतक्या कमी वेळात माणसाचा हात बदलत नाही.

वाचन कोण करतो आहे, हेही विचारावे. अनेक कॉलेज संघ हडल (डावाआधी घोळक्यात केलेली मसलत) न करता रांगेत उभे राहतात, बाजूला पाहून प्रशिक्षकाची खूण घेतात आणि मग डाव बदलतात. २०२४ पासून सर्वोच्च विभागात हेल्मेटमधून प्रशिक्षकाचा आवाज ऐकण्याची मुभा आहे, पण डावाच्या घड्याळावर १५ सेकंद उरले की ती वाट बंद होते. त्यानंतर बचाव फिरला तर क्वार्टरबॅक एकटा असतो, आणि त्याचे खरे वाचन त्या शेवटच्या पंधरा सेकंदांत कळते.

इंटरसेप्शनच्या बाबतीत थोडक्यात: रिसीव्हरच्या हाताला लागून उडालेला, फेकताना हाताला धक्का बसलेला, अखेरच्या क्षणी नाइलाजाने फेकलेला आणि चुकीच्या वाचनाचा, असे चार ढीग करावेत. शेवटचा ढीगच मोजावा. त्याच वेळी बचावपटूने सोडलेले इंटरसेप्शनही मोजावेत. दैवाने वाचलेला पासही चुकलेलाच असतो.

सहावी पायरी: मैदानाची रुंदी

कॉलेज आणि व्यावसायिक, दोन्ही मैदानांची रुंदी १६० फूट आहे, पण ज्यांच्यामधून खेळ सुरू होतो त्या हॅशच्या खुणा कॉलेजमध्ये एकमेकींपासून ४० फुटांवर असतात आणि व्यावसायिक मैदानावर १८ फूट ६ इंचांवर. म्हणजे कॉलेजमध्ये डाव एका हॅशवरून सुरू झाला की जवळची बाजू ६० फुटांवर आणि दूरची १०० फुटांवर. डाव सुरू होण्याच्या रेषेपासून १२ यार्डांवर दूरच्या बाजूला वळणाऱ्या रिसीव्हरला शॉटगनमधून, म्हणजे सुमारे सात यार्ड मागून, फेकलेला चेंडू हवेत साधारण ३५ यार्ड कापतो. नोंदीत मात्र तो १२ यार्डांचा पास असतो. म्हणून जवळची बाजू, मध्य आणि दूरची बाजू असे तीन भाग वहीत करावेत. केवळ दूरच्या बाजूचेच पास मोडत असतील तर अडचण ताकदीची किंवा उशिराची आहे. मधले पास मोडत असतील तर ती वाचनाची असण्याची शक्यता अधिक. जवळच्या बाजूचे सोपे पासही उंच जात असतील तर पुन्हा पायांकडे वळावे.

सातवी पायरी: आजूबाजूची माणसे

नोव्हेंबर २०२० मध्ये क्लेमसनचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स कोविडमुळे बाहेर असताना उइआंगालेलेने पहिल्याच वर्षात नोत्र दामविरुद्ध ४४ पैकी २९ पास पूर्ण करून ४३९ यार्ड मिळवले होते. क्लेमसन ४७-४० असा दोन जादा सत्रांनंतर हरला, पण त्या रात्री त्याच्या हाताविषयी कोणालाही शंका उरली नसेल. वर्षभरानंतर लॉरेन्स तर नव्हताच, पण रनिंग बॅक ट्रॅव्हिस एटिएन आणि रिसीव्हर अमारी रॉजर्स हेही व्यावसायिक लीगमध्ये गेले होते. ४३९ यार्डांच्या रात्री समोरच्या बचावाला एटिएनकडे एक डोळा ठेवावा लागत होता. तो गेला की तोच डोळा पासकडे लागतो.

तरीही संपूर्ण दोष परिस्थितीवर टाकता येत नाही, आणि मला हे प्रकरण शिकण्यासारखे वाटते ते याचसाठी. पुढल्या हंगामात २२ टचडाउन आणि ७ इंटरसेप्शन अशी स्पष्ट सुधारणा झाली. त्यानंतर ऑरेगॉन स्टेटमध्ये नवी लाइन, नवे रिसीव्हर, नवे प्रशिक्षक मिळाले, टचडाउन आणि इंटरसेप्शनचा हिशेब २१ आणि ७ असा चांगलाच राहिला, पण टक्केवारी ५७ वर परतली. आजूबाजूचे सगळे बदलूनही जी गोष्ट खेळाडूबरोबर प्रवास करते, ती त्याची स्वतःची. निर्णय सुधारले आणि टिकले. चेंडू नेमका ठेवण्याची अडचण सोबत राहिली. एका संघातून दुसऱ्या संघात जाणे २०२१ पासून सोपे झाल्यामुळे अशी तुलना करण्याची संधी आता वारंवार मिळते, आणि उपलब्ध पुराव्यांत ती सर्वांत भक्कम आहे. ऑबर्नमध्ये २०२१ साली ६१ टक्क्यांवर असलेला बो निक्स ऑरेगॉनमध्ये २०२३ साली ७७.४ टक्क्यांवर पोहोचला. त्याच्या बाबतीत उलट निष्कर्ष निघतो.

हवामान, वारा, प्रतिस्पर्ध्याचा दर्जा आणि सामना हातातून गेल्यानंतरच्या अखेरच्या सत्राचे पास यांची नोंद समासात करावी. संघ तीन टचडाउनांनी मागे असताना समोरचा बचाव मुद्दाम छोटे पास देतो. ते आकडे मुख्य हिशेबात घेऊ नयेत.

आठवी पायरी: निदान लिहिणे

तीन-चार सामन्यांच्या ओळी जमल्यावर एकच वाक्य लिहावे, आणि ते पुढच्या सामन्यात खोटे ठरू शकेल इतके नेमके असावे. 'आत्मविश्वास नाही' हे निदान नव्हे, कारण त्याची परीक्षा घेता येत नाही. 'स्वच्छ पॉकेटमध्ये, दुसऱ्या किंवा तिसऱ्या रिसीव्हरकडे वळताना, पाय न हलल्यामुळे चेंडू उंच जातो' हे निदान आहे. मग त्यावरून भाकीत करावे: पॉकेट बाजूला सरकवून, धावत, अर्ध्या मैदानाकडेच पाहून फेकण्याचे डाव दिले तर याचे पास सुधारतील, कारण तिथे पाय आपोआप लक्ष्याकडे वळतात. अडचण वाचनाची असेल तर धावेचा आव आणून फेकण्याचे डाव उपयोगी पडतील, कारण ते लाइनबॅकरना, म्हणजे मधल्या फळीतल्या बचावपटूंना, पुढे खेचतात आणि चित्र सोपे करतात. अडचण लाइनची असेल तर एक टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहणारा, अडवणूकही करणारा रिसीव्हर) अडवणुकीला थांबवून दोनच रिसीव्हर पाठवल्यावर फरक दिसेल. संयोजक पुढच्या शनिवारी यांपैकी काय बदलतो ते पाहावे. संघाच्या आतल्या लोकांचे निदान काय आहे हे त्याच्या डावांच्या निवडीतून बाहेरच्यालाही वाचता येते.

वहीत हंगामाच्या शेवटच्या चार सामन्यांसाठी स्वतंत्र पान ठेवावे आणि ते भरेपर्यंत अंतिम मत लिहू नये. बरोचा २०१८ चा हंगाम १ जानेवारी २०१९ रोजी फिएस्टा बोलमध्ये सेंट्रल फ्लोरिडाविरुद्ध संपला. त्या सामन्यात सुरुवातीलाच त्याचा पास अडवून ९३ यार्ड परत नेला गेला, त्याच धावपळीत त्याला न दिसणाऱ्या बाजूने जबरदस्त धडक बसली, आणि त्यानंतर उठून त्याने ३९४ यार्ड आणि ४ टचडाउनसह सामना ४०-३२ असा जिंकून दिला. हंगामाच्या एकूण टक्केवारीवर त्या दुपारचा परिणाम नगण्य होता, ५७.८ हा आकडा तसाच छापला गेला.